न सांडलेल्या पाण्याचं बिल

माझ्या आत्याला अख्खी गल्ली आत्या म्हणते. मासेवाल्या, सरबतवाले, अगदी तिच्यापेक्षा वयाने मोठा असलेला बाजारातला हमालसुद्धा. नवरा गेल्यावर बर्फाचा कारखाना विकून टाक म्हणून घरच्यांनी तिच्यामागे भुणभुण लावली होती. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एका सकाळी नवऱ्याचे गमबूट पायात चढवून कामावर गेली. बूट मोठे होत होते म्हणून पुढे कापूस कोंबला होता.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. मिठाच्या पाण्याची गार टाकी, त्यात बुडवलेले पत्र्याचे उंच डबे. डब्यात नळाचं पाणी भरायचं, गोठलं की लादी काढायची, भुशात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या गाडीवर चढवायची. पाणी नळातून आत येतं आणि बर्फ होऊन दारातून बाहेर जातं. फरशीवर थोडं सांडलं तरी आत्या गोणपाट घेऊन धावते. ओल्या फरशीवर घसरून एका कामगाराचा पाय मोडला होता, ते ती विसरलेली नाही.

आणि अशा बाईला नगरपालिकेने सांडपाण्याचं बिल लावायचं ठरवलं!

नवीन दर आले होते. तुम्ही जेवढं पाणी घ्याल त्याचा पाऊण हिस्सा गटारात जातो असं धरायचं आणि त्यावर वेगळा आकार लावायचा. कुणी धरलं? पंख्याखाली बसलेल्यांनी. घरोघरी आंघोळी, धुणीभांडी होतात, तिथे ते खरंही असेल. पण म्हणून बर्फालाही तेच माप? गावाबाहेरच्या बाटलीबंद पाण्याच्या बड्या कारखान्याला मात्र सूट होती, कारण त्याचं पाणी म्हणे बाटल्यांतून बाहेर जातं.

"हे लागलं तर कुलूप घालायचं," आत्या म्हणाली. चहा गाळता गाळता, दूध संपलंय म्हणावं तशी. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दर पक्के करण्याआधी लोकांच्या हरकती ऐकायच्या असतात. सुनावणी ठेवली कामाच्या दिवशी, भर दुपारी, म्हणजे हरकत असणाऱ्याला येताच येऊ नये. आत्या तरीही सूट मागायला गेली, मीही गेले. पाणी खात्याचे साहेब कागदावरून मान वर न करता म्हणाले, "बाई, बर्फ वितळतो. शेवटी गटारातच येतो ना?"

"आणि बाटलीतलं पाणी प्यायल्यावर कुठे जातं, साहेब?" आत्या म्हणाली. "सांगू का इथे सगळ्यांसमोर?"

सभागृह खो खो हसलं. साहेब लाल झाले. जागेची पाहणी करू, म्हणाले, आणि पुढच्याला बोलावलं.

आत्या खुशीत घरी आली. "येऊ देत की. डोळ्यांनी बघतील, मग काय बोलतील?"

पाहणीच्या सकाळी मी कारखान्यात पोचले आणि दारातच थबकले. आत्या पदर खोचून खराटा मारत होती. साबणाची पूड, बादल्यांवर बादल्या. फरशी, भिंती, टाकीची झाकणं, सगळं लख्ख. फेसाळ पाणी उंबऱ्यावरून थेट बाहेरच्या गटारात निघालं होतं.

"आत्या, अगं हे काय करून बसलीस?"

"मोठा माणूस यायचाय. असा भुसा पडलेला दाखवू?"

मी काही बोलायच्या आत गाडी आली. साहेबांनी दारातूनच वाहत्या गटाराचा फोटो काढला. आत्याने बर्फ घालून दिलेलं पाणी मात्र तळापर्यंत प्यायले. "जागा स्वच्छ ठेवलीय हं," म्हणाले. आत्या लाजली. माणसाचं हे लाजणं पाहूनही ज्याने तो फोटो पुसला नाही, त्याला काय म्हणायचं?

सूट नामंजूर झाली. कारण दिलं होतं, पाहणीच्या वेळी सांडपाणी वाहताना आढळले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले.

"तुम्ही येणार म्हणून धुतलं होतं तिने. एरवी तिथे गोणपाटाने पुसतात."

"म्हणजे धुतलं होतं ना?"

"तुमच्यासाठी!"

"मी जे पाहिलं ते लिहिलं," साहेब म्हणाले आणि पेनाचं टोपण लावलं.

मोसम संपेपर्यंत आत्याने ओढलं. बर्फाचा दर वाढवायला तिचा जीव झाला नाही. मासेवाल्या कुठून देणार, म्हणायची. मग यंत्र भंगारात गेलं, डबे गेले. शेवटच्या दिवशी ती ते मोठे गमबूट घालून आली आणि रिकाम्या खोलीची फरशी धुवायला लागली. आता कोण बघायला येणार आहे, असं मी चिडूनच विचारलं. ती धूत राहिली. कोपरेसुद्धा सोडले नाहीत. पाणी उंबऱ्यावरून गटारात गेलं, ते तिने शेवटपर्यंत पाहिलं. मग कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली.

"हे एवढं मात्र त्यांच्या गटारात गेलं," ती म्हणाली. "याचे पैसे भरून टाक."