सपाट जमिनीवरचं शून्य

श्रावणी, तेजस,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही मला शाळेतली एक गंमत सांगितलीत. डोक्यावर ओझं घेऊन सपाट जमिनीवर चालणारा हमाल भौतिकशास्त्राच्या भाषेत काहीच कार्य करत नाही. "आजी, झीरो वर्क! दिवसभर चालला तरी झीरो!" तेजस हसला. श्रावणी हसली. मग पडदा काळा झाला. तुम्हाला वाटलं असेल, सोलापूरचं नेट गेलं. नेट गेलं नव्हतं. मीच बंद केलं.

तुमचं उत्तर बरोबर आहे. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, मला ते ठाऊक आहे. मला किळस आली ती त्या हसण्याची. ते हसू मी ओळखते. म्हणून हे लिहिते आहे. तिकडे परदेशातही तुमच्या आईने तुम्हाला मराठी वाचायला शिकवलं आहे. सावकाश वाचा, पण पूर्ण वाचा.

मी सातवीत होते. घरी आम्ही तेलुगू बोलायचो, शाळा मराठी. वडील कारखान्यात मागावर विणायचे. आई, म्हणजे अम्मा, कारखान्यातून चादरींचे गठ्ठे डोक्यावरून इस्त्रीच्या दुकानात पोचवायची. शाळा त्याच रस्त्यावर होती. एके दिवशी मी कंपासपेटी घरी विसरले आणि अम्मा ती द्यायला आली. नेमका विज्ञानाचा तास. गठ्ठा एकदा खाली ठेवला की परत डोक्यावर द्यायला दुसरं माणूस लागतं. म्हणून ती तशीच, गठ्ठ्यासकट, दारात उभी राहिली.

सरांचा चेहरा उजळला.

"या, या बाई. आत या. आज तुम्हीच आमचा प्रयोग."

अम्माने चपला बाहेर काढल्या. सर म्हणाले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाला. ती चालली.

"बळ कुठल्या दिशेला?"

"वर!" वर्ग ओरडला.

"विस्थापन?"

"आडवं!"

"मग या बाईंनी कार्य किती केलं?"

"शून्य!"

"बघा. सकाळपासून ओझं वाहतात. कार्य शून्य. आणि वर म्हणतात, दमले!"

वर्ग फुटला. मागून कोणीतरी ओरडलं, "सर, परत एकदा!" सरांनी तिला परत चालवलं. तीनदा. मान ताठ, एक हात वर, कपाळावरून घाम भुवईत उतरलेला. अम्माला मराठी कामापुरती यायची. 'विस्थापन' तिला कुठून कळणार? ती हसत होती. पोरांना आपण आवडलो, असं तिला वाटलं.

आणि मीही हसले. शेजारचीने कोपर मारलं म्हणून नाही. भीतीने नाही. मला त्या बाकांवरच्यांतली एक व्हायचं होतं. सरांची शिसारी मला पुढे आली. पहिली आली ती स्वतःची, आणि ती अजून गेलेली नाही.

संध्याकाळी अम्मा गल्लीत सांगत होती, "इय्याल नेनु पाठम चेप्पिना." आज मी धडा शिकवला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "व्हय का? मग आता मास्तरीणच हो की! गठ्ठे आमी वाहतो." अम्मा लाजली.

चार दिवसांनी सरांनी मला उभं केलं. "परवा तपासणीला साहेब येणार आहेत. आईला घेऊन ये. गठ्ठा जरा मोठा आण म्हणावं, मागच्या बाकापर्यंत दिसला पाहिजे."

मी घरी निरोप दिला. अम्माने ट्रंकेतलं जांभळं इरकल काढलं. त्याची घडी मोडली. आता गप्प राहिले तर ती नटून जाणार होती. हसं करून घ्यायला.

"अम्मा, पोरं शून्य म्हणून ओरडत होती ना? शून्य म्हणजे सुन्ना. तू करतेस ते सगळं सुन्ना."

ती थांबली. "नव्विनारा?" हसले?

"हो."

"नुव्वु?" तू?

"हो."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. साडीची घडी परत घातली. चादरीची घालायची तशी, चारी कोपरे जुळवून.

तपासणीच्या दिवशी मी एकटी गेले. साहेब खुर्चीत. सर हसून म्हणाले, "आई कुठंय?"

"येणार नाही."

"का?"

"माझी आई नमुना नाही."

पोरं खिदळली. आपल्याकडे 'नमुना' कशाला म्हणतात ते तुमच्या आईला विचारा. मी थांबले नाही. "सर, गठ्ठा डोक्यावर आपोआप येत नाही. जमिनीवरून उचलावा लागतो. तेव्हा बळ वर, विस्थापनही वर. ते कार्य तुम्ही फळ्यावर लिहिलंच नाही."

साहेबांनी चष्मा पुसला. "मुलगी बरोबर बोलते," म्हणाले. आणि पुढचा धडा घ्यायला सांगितला. बस. एवढंच.

साहेब गेल्यावर सर माझ्या बाकाशी आले. "डोकं फार चालतंय तुझं. त्याच डोक्यावर गठ्ठा येईल एक दिवस." वर्षभर त्यांनी मला प्रयोगाच्या टेबलापाशी फिरकू दिलं नाही. लिटमसचा निळा कागद आम्लात लाल होतो, हे मी पाठ केलं. पाहिलं कॉलेजात.

आता नीट समजून घ्या. सपाट जमिनीवर चालताना ओझ्यावरचं बळ वर असतं, ओझं सरकतं आडवं. म्हणून गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध केलेलं कार्य शून्य. हा नियम खरा आहे. पण माणूस म्हणजे टेबल नव्हे. टेबलावर गठ्ठा ठेवला तर टेबल दमत नाही. माणसाचे स्नायू क्षणोक्षणी आवळतात, सैल होतात. भाकरीतली ऊर्जा जळते, तिची उष्णता होते, घाम येतो. सरांना हे माहीत होतं. त्यांनी ते सांगितलं नाही. त्यांनी फक्त शून्य सांगितलं, आणि तेही तिच्याकडे बोट करून. हे अज्ञान असतं तर मी माफ केलं असतं.

मी शिक्षिका झाले तेव्हा ठरवलं, या धड्याला वर्गात कुणालाही चालवायचं नाही. शिपायाला नाही, झाडणाऱ्या मावशींना नाही. गठ्ठा मधोमध ठेवायचा. ज्याला हसायचं असेल त्याने आधी तो उचलायचा.

तुम्ही पेपरात शून्यच लिहा. मार्क मिळतील, घ्या. पण त्याआधी 'गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध' हे शब्द लिहा. ते गाळून जो माणसाला शून्य म्हणेल, तो तुमचा शिक्षक असो, मित्र असो, त्याच्यासमोर उभं राहायचं आणि बोलायचं. जमणार नसेल तर निदान हसायचं नाही. ही माझी विनंती नाही.

ते उदाहरण पुस्तकात अजून आहे. तुमच्याही, इतक्या लांबच्या. मीही अजून आहे.

— आजी