मावशी आणि वाटीभर एरंडेल

माणसाची खरी कुंडली त्याच्या पहिल्या लंगोटात असते, असं मानणारी बाई अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात एकच होती आणि ती नेमकी माझी मावशी निघाली. गोंडपिपरीच्या दवाखान्यात ती नर्स होती. बाजारात वांगी निवडताना, बुद्धवंदना आटोपून बाहेर पडताना, लग्नाच्या पंगतीत, कुठंही नव्या बाळाचा बाप दिसला की तिचा पहिला प्रश्न तोच, "लेकराले शी झाली का?" नुसत्या होकारानं तिचं समाधान होत नसे. पहिली शी काळी झाली की आतडं मोकळं, म्हणून ती रंग विचारी, आणि तो बापडा अडखळला की पंगतीतल्याच वाट्यांकडे बोट दाखवी, "असा, का तसा?" शेजारचे लोक हातातला घास खाली ठेवत. ती मात्र मजेत जेवे.

मध, घुटी आणि एरंडेल यांच्याशी तिचं हाडवैर. बाळाला चाटवायला कुणी मध आणला की ती तो काढून घेई आणि तिथंच स्वतः संपवी. त्या मधावर तिची तब्येत चांगलीच सुधारली होती. पहिला चीक पिळून टाकणाऱ्या सासवांना ती विचारी, "गायीच्या चिकाचा खरवस गल्लीभर वाटता, मंग बाईचा चीक काऊन फेकता?" आणि त्यांच्याच घरी गाय व्याली की खरवस खायला हजर.

माझी लेक तिच्याच दवाखान्यात आठव्या महिन्यातच जन्मली. अंगावर ओढायचंही बळ नव्हतं तिला. मावशीनं तिला उबेसाठी माझ्या छातीशी बांधलं होतं; माझा चीक वाटीत काढून ती चमच्यानं थेंबथेंब पाजत होती. पण दुसऱ्या दिवशीही शी होईना आणि पोट फुगायला लागलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर चंद्रपूरला न्यावं लागेल. जीपच्या त्या हादऱ्यांत ती जगेल असं कुणीच म्हणेना. मी भिंतीकडे तोंड करून रडत होते, तेवढ्यात माझ्या सासूबाई वाटीभर एरंडेल घेऊन आल्या.

"ईनबाई, एवढंसं पोट हाये, फाटून जाईन," मावशी विहिणीला म्हणाली.

"आमच्या साऱ्या लेकरायले देल्लं. काई होत नाई त्यानं."

"आधी मले काय होते ते पाहा. मंग लेकराले द्या." आणि मावशीनं वाटी तोंडाला लावून रिकामी केली.

दुपारी ती घाईघाईनं मागच्या संडासाकडे गेली. परत आली, पुन्हा गेली. चीक पाजायला कुणी नाही म्हणून चमचा सासूबाईंच्याच हाती आला. मावशीच्या प्रत्येक खेपेबरोबर त्या अधिकच मुकाट्यानं पाजू लागल्या. एरंडेलाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

बाहेर जीप येऊन उभी राहिली आणि माझ्या छातीशी बांधलेल्या लेकीखाली मला ओलं, ऊन लागलं. सासूबाई धावत मागच्या दारी गेल्या. "ईनबाई, झाली वो."

संडासातून आवाज आला, "रंग?"

"काळा. डांबरावानी."

मग बंद दारामागून मावशीचं रडणं ऐकू आलं.

त्याच लेकीला आता मुलगा झालाय. नाक कुणाचं, डोळे कुणाचे, याचीच सगळ्यांना घाई. मी पहिला लंगोट खिडकीच्या उजेडात धरला. तोच रंग होता. सांगायला म्हणून मागे वळले, आणि मावशीची फार आठवण आली. आता रंग विचारणारं कुणी राहिलं नाही.