दाजींच्या रायफलीचा चाप

आमच्या दाजींइतका मोठा शिकारी धारूरच्या डोंगरात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्या हातून एक चिमणीसुद्धा कधी मेली नव्हती. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. घरात कोंबडी कापायची असली की ते किल्ल्याकडे फिरायला जात आणि रश्शाचा वास सुटला की परत येत. पण संध्याकाळी पारावर बसले, की बालाघाटातले सगळे वाघ त्यांच्या तोंडून चालत येत. "वाघ हितं, मी हितं," म्हणत ते शेजारच्याच्या गुडघ्यावर हात ठेवत आणि तो गुडघा खरोखर थरथरे. कुणी म्हणालं, "काका, ह्यो वाघ तर गेल्या साली मेलता की," तर शांतपणे सांगत, "त्याचा भाऊ हाय बे ह्यो."

ही कीर्ती एका जहागीरदाराच्या कानी गेली. त्याने गोष्टी ऐकल्या आणि खूश होऊन ससे-तितरांपुरती हैदराबादेहून मागवलेली एक नवीकोरी लहान रायफल परवान्यासकट बक्षीस दिली. ती हातात घेताना दाजींचा चेहरा पोरगी सासरी धाडणाऱ्या बापासारखा झाला. गाव रोज विचारू लागलं, "काका, ससा कधी?" गोळी झाडावी तर एक जीव जायचा, न झाडावी तर पारावरची जागा जायची. हे मला आज कळतं.

मग रायफलीचा चाप बिघडला. ओढला की मागे जाऊन तिथंच बसे, खटका पडेचना. दाजी रोज सकाळी ओसरीवर तिची तपासणी करत. आधी काडतुसांवर संशय आला, म्हणून ती पापडांसारखी सुपात घालून उन्हात ठेवली. मग आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, नरम ठरली. शेवटी हवेवर आलं. "हैदराबादची चीज हाय, डोंगराची हवा तिला मानवत न्हाई." आणि प्रत्येक तपासणीनंतर स्वयंपाकातलं करडईचं तेल पळीने चापात ओतायचं. तरी मंडळींना घेऊन ते माळावर जात, सशावर नेम धरत, चाप ओढत आणि हळहळत मान हलवत. परतताना त्या न मेलेल्या सशाची अशी गोष्ट रंगे, की रिकाम्या हातांची कुणाला आठवण राहत नसे.

मी तेव्हा तरुण शाळामास्तर. बिघडलेली वस्तू दिसली की माझे हात शिवशिवत. सुट्टीत बहिणीकडे गेलो, दाजींची रोजची खटपट पाहिली आणि मला त्यांची दया आली. ते बाहेर गेल्यावर मी रायफल रिकामी करून चाप उघडला. आत तेल वाळून डिंक झाला होता. एकेक भाग घासलेटने धुतला, कोरडा पुसला, ओढून पाहिला. खट्. त्या संध्याकाळी भर पारावर मी सांगून टाकलं, "दाजी, चाप नीट झाला."

दाजींनी पारावरच्या मंडळींवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "लई हुशार हायती आमचं पाव्हणं."

दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी माळावर. झुडपाशी ससा उभा राहिला. "चाप वढा की काका," कुणीतरी कुजबुजलं. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी उत्साहाने मान हलवली. त्यांनी नेम बाजूला धरला होता, हे मी शपथेवर सांगतो. पण गोळी सुटली आणि ससा नेमका त्याच बाजूला उडाला. दाजींनी तो उचलला, त्याचे कान सरळ केले. "अंग ऊन हाय अजून," एवढंच म्हणाले.

घरी बहीण मला म्हणाली, "तुला कुणी सांगितलं व्हतं रे नीट कराया? ते तेल मुद्दाम घालीत व्हते."

रायफल जहागीरदाराकडे परत गेली. दाजी पारावर बसत, पण वाघ मरायची वेळ आली की बोलता बोलता थांबत. हळूहळू वाघ यायचेच बंद झाले आणि माणसंही दिवेलागणीआधीच उठू लागली. एकदा मी धीर करून त्यांची माफी मागितली.

"कावून? माफी कशापायी?" ते म्हणाले. "बिघडलेलं नीट केलंत तुमी."

नंतर मी गेलो की ते माझा हात धरून पारावर नेत आणि नव्या माणसाला सांगत, चाप ह्यांनी कसा उघडला, आत डिंक कसा होता, खटका कसा वाजला. पदरचं त्यात काहीच घालत नसत. दाजी गेले तोवर त्यांच्यापाशी सांगायला ती एवढी एकच गोष्ट उरली होती, आणि ती माझ्या कौतुकाची होती.