आण्णांचं भाषण आणि सामाईक स्वॅप

आमच्या घरातला पहिला संगणकतज्ज्ञ मी, आणि आण्णांचं भाषण पुसणाराही मीच.

घरात लॅपटॉप एक आणि वापरणारे दोन. म्हणून मी त्यात दोन लिनक्स प्रणाली टाकल्या: मराठीतली आण्णांना, इंग्रजीतली मला. डिस्क लहान, तेव्हा स्वॅपचा, म्हणजे चालू कामं तात्पुरती ठेवायचा, भाग मात्र दोघांत एकच ठेवला. (विट्याकडच्या माणसाला सामाईक विहिरीची इतकी सवय, की दुसरं काही सुचतच नाही!) लॅपटॉप हायबरनेट केला, म्हणजे कामं न मिटता झोपवला, की उघडी कामं याच भागात जाऊन बसतात, हे मला ठाऊक होतं. फक्त वेळेवर आठवलं नाही.

आई अंगणवाडीतून निवृत्त होणार होती. आण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेतून आलेले. सीमेवरून आयुष्यभर ‘मी खुशाल आहे’ एवढंच लिहिलेला माणूस. निरोप समारंभात तिच्याबद्दल बोलायचं म्हणून आठ दिवस एका बोटानं टाइप करत होते. सेव्ह मात्र करायचे नाहीत.

“अर्ध्या कागदावर सही करत न्हाईत,” म्हणायचे.

सेव्ह म्हणजे सही, ही त्यांची पक्की समजूत. शेवटी मीच तोडगा काढला: रोज नुसतं हायबरनेट करा, सकाळी जिथल्या तिथं मिळेल.

समारंभाच्या सकाळी मला ऑफिसची एक मेल पाठवायची होती. मी माझी लिनक्स चालू केली. तिनं स्वॅप आपलाच समजून पुसून घेतला. मग आण्णांनी त्यांची उघडली, तर कोरा पडदा.

“माझं भाषण कुटं हाय रं?”

मी मेमरी, पार्टिशन, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजी खळं एकच. माझी मळणी अर्धी पडली हुती, आन् तू झाडून तुजा माल वतलास.”

इतकं नेमकं मला कॉलेजातही कुणी सांगितलं नव्हतं. मान वर करायची लाज वाटत होती.

आई भाकरी थापत होती. “आवं, काय लिवलं हुतं? मला तरी सांगा.”

आण्णा ओट्यापाशी गेले. “मी कायम भाईर. पोरगं तू वाडवलंस. गावाची पोरं बी तूच वाडवलीस. मी कवा बोललो न्हाई, पर...” तव्यावरची भाकरी करपली, तरी आईनं उलटली नाही.

समारंभातही ते एवढंच बोलले, कागदाशिवाय.

मी त्याच आठवड्यात दोघांचे स्वॅप वेगळे केले. परवा लग्नाच्या वाढदिवसासाठी आण्णा पुन्हा टाइप करायला बसले, तेव्हा आईनं मला हळूच बाजूला घेतलं.

“ते खळं एकदा परत सामाईक कर की.”

एवढं शिकलो, त्यानंतर घरच्यांनी आपणहून मागितलेली ही माझी पहिली तांत्रिक मदत.