चष्मेवालीची साक्ष

चष्मेवाली आधीपासूनच तिखट होती. गिऱ्हाइकाने तिसऱ्यांदा फ्रेम बदलून मागितली की म्हणायची, "तोंड तेच राहणार आहे, लवकर ठरवा." तरी लोक यायचे, कारण काम चोख होतं. शेजारच्या गाळ्यातल्या शिलाईवालीशी मात्र तिचं कधी वाजलं नव्हतं. दोघी दुपारी एकाच टेबलावर डबा उघडायच्या.

त्या शिलाईवालीचा नवरा समोरच्या चौकात मोटारीखाली येऊन मेला. चष्मेवाली तेव्हा दुकानाच्या दारात उभी होती. सिग्नल लाल असूनही मोटार थांबली नाही, हे तिने डोळ्यांनी पाहिलं आणि कोर्टात सांगितलं. मग मोटारवाल्याचा वकील उठला.

"तुम्हाला चष्मा आहे?"

"आहे."

"त्या वेळी लावला होता?"

"नाही."

"झालं," म्हणत तो बसला.

तिचा चष्मा वाचण्यापुरता होता. लांबचं तिला लख्ख दिसायचं. पण ते कुणी विचारलं नाही. सरकारी वकील कागद चाळत राहिले आणि तीही घुश्शात खाली उतरली. खालच्या कोर्टाने मोटारवाल्याला शिक्षा दिली खरी, पण वरच्या कोर्टाने ती रद्द केली. साक्षीदार क्रमांक चारने चष्मा लावला नव्हता, सबब तिच्या सांगण्यावर विसंबता येत नाही, असं निकालात आलं. मोटारवाला सुटला.

रविवारी चष्मेवालीचा दीर पेपर घेऊन आला. "वहिनी, तुमच्यावर लेख आलाय." निकालांवर दर आठवड्याला लिहिणाऱ्या एका वकिलांनी मथळा दिला होता, 'स्वतःला दिसेना, जगाला चष्मे!' नाव नव्हतं, पण चौकात चष्म्याचं दुकान एकच. दिराला हसू आवरेना. तिने पेपर ओढून घेतला. "हसून झालं असेल तर निघा, भावजी."

आठवडाभर गिऱ्हाइकं दारातूनच डोकावून जात होती. शेवटी तिने दुकानाला कुलूप लावलं आणि त्या वकिलांचं ऑफिस गाठलं.

"तुम्ही मला आंधळी ठरवलंत."

"बाई, मी नाही, कोर्टाने. आणि कोर्टानेही तुम्हाला खोटं ठरवलेलं नाही. विसंबता येत नाही, एवढंच म्हटलंय. कायद्यात यात फार फरक आहे."

"माझ्या दुकानात काही फरक नाही." मग तिने वाचायच्या चष्म्याचं सगळं सांगितलं. वकिलांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"हे नोंदीत का नाही?"

"विचारलंच नाही कुणी."

"अरेरे. आता नाहीच येणार." असं म्हणत त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. माफी मागितली नाही, चहाही विचारला नाही.

पुढच्या रविवारी नवा लेख आला, 'न विचारलेला एक प्रश्न'. सरकारी वकिलांची त्यात यथेच्छ धुलाई होती. साक्षीदार बाईंना लांबचं उत्तम दिसत होतं, असं ठळक अक्षरांत छापलं होतं. स्वतःच्या आधीच्या मथळ्याबद्दल अवाक्षर नव्हतं. तरी चष्मेवालीला जरा बरं वाटलं. दुपारी शिलाईवाली तोच पेपर हातात घेऊन आली. डबा आणला नव्हता.

"हे खरं आहे?"

"खरंच आहे. आता तरी लोकांना कळेल."

"तुला दिसत होतं. मग तिथे का नाही बोललीस?"

"त्याने विचारलंच नाही."

"गिऱ्हाइकाला न विचारता दहा गोष्टी ऐकवतेस. माझ्या नवऱ्याच्या वेळीच तुझी जीभ टाळ्याला चिकटली?"

"एवढी तरी साक्ष मी दिली. चौकात बाकी कुणी तोंड उघडलं?"

"उपकार केलेस," म्हणून शिलाईवाली निघाली. चष्मेवाली मागून बरंच काही बोलली, सगळं वावगंच. त्यातलं एखादं वाक्य तरी नंतर गिळावंसं वाटलं असेल, पण तिने तसं कुणाला सांगितलं नाही.

सरकारने सर्वांत वरच्या कोर्टात अपील केलं. तेही फेटाळलं गेलं. पेपरातल्या वकिलांनी त्यावर दोन ओळी लिहिल्या आणि एका घरभाड्याच्या निकालाकडे वळले. शिलाईवालीने मशीन उचलून पलीकडच्या गल्लीत गाळा घेतला. इकडे गिऱ्हाइकं हळूहळू परतली. दीर म्हणाला, "वहिनी, जाऊन एकदा बोलून तर बघा."

"तिला बोलायचं असेल तर माझं दुकान इथेच आहे," असं म्हणून तिने समोर फ्रेम लावून बसलेल्या गिऱ्हाइकाला दरडावलं, "मान सरळ ठेवा."