बिनतिळाचे पाणी

हे लिहायला बसलो याबद्दल आधीच क्षमा मागतो. असे अनुभव सांगावेत ते साधुसंतांनी, नाहीतर देवाच्या दारात ज्यांचे केस पांढरे झाले त्यांनी. मी पुण्यात एका शास्त्रीबुवांच्या पाठशाळेत व्याकरण शिकणारा साधा विद्यार्थी आहे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी बोरू हातात धरला नाही, आणि स्वतःचे वाक्य गुरुजींपुढे ठेवण्याआधी मी ते अजून तीनदा तपासतो. शिवाय जे घडले त्यात माझे कर्तृत्व काहीच नाही. मी नदीवर उभा राहिलो, एवढेच. तरी लिहितो, कारण बातमीची वाट पाहणारी माणसे या शहरात घरोघर आहेत. कोणाचा मुलगा फौजेबरोबर उत्तरेत गेला आहे, कोणाचे म्हातारे आईवडील घाटाखाली आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याची एक सकाळ जरी यामुळे सोपी गेली, तरी माझी धिटाई माफ होईल असे वाटते.

आमचे घर कोकणात. वडिलांना आम्ही आप्पा म्हणत असू. गावच्या देवळातला नैवेद्य ते रांधत आणि लग्नामुंजीत आचारी म्हणून जात. अक्षराशी त्यांची ओळख नव्हती. मला मात्र त्यांनी चुलीपाशी कधी फिरकू दिले नाही. ‘धूर माझ्या डोळ्यांना पुरे. तू तिकडे बसून म्हण,’ असे म्हणून ते खवणीवर नारळ खवायला बसत आणि मी समोर बसून रूपे म्हणत असे. रामः रामौ रामाः. एकदा त्यांनी विचारले, ‘याचा अर्थ काय रे?’ मी सांगितले, ‘एक राम, दोन राम, पुष्कळ राम.’ ते खवायचे थांबले आणि हसून म्हणाले, ‘पुष्कळ कशाला? एक सांभाळताना माझी कंबर गेली.’ पुढे कित्येक दिवस आमटीला फोडणी देताना ते तीच रूपे चुकतमाकत पुटपुटत आणि आई तोंडाला पदर लावून हसे.

मी पुण्याला आलो आणि घर दूर गेले. नारळ लादलेल्या बैलांचा तांडा घाट चढून येई, त्यातला शेजारच्या गावचा धोंडू हाच आमचा दुवा. आई त्याच्याबरोबर आमसुले, पापड असे काहीबाही पाठवी. आप्पांचा निरोप मात्र कधी बदलला नाही. ‘जेवतोस ना, असं विचारलंय,’ धोंडू म्हणे. ‘जेवतो म्हणावं,’ मी सांगे. आम्हा बापलेकांचे सारे बोलणे एवढ्यातच होई. मागच्या वेळी घरी गेलो तेव्हा आप्पांची नजर मंद झालेली दिसली. भांड्याचा काठ ते बोटांनी चाचपून पाहत, आणि त्यांना कळणार नाही अशा बेताने आई मिठाचे लाकडी सट हळूच पुढे सरकवून ठेवी. ते पाहून मी बाहेर अंगणात गेलो होतो.

आषाढात धोंडू आला तो रिकाम्या हाताने. पाठशाळेच्या पायरीखालीच उभा राहून म्हणाला, ‘तुमचे बापूस गेले. तुमच्या चुलत्यानं मला वेशीवर गाठून सांगितलं.’ मग आभाळाकडे बघत म्हणाला, ‘पाऊस धरलाय. घाट बंद व्हायच्या आत मला उतरायला हवं.’ मला त्याला काही विचारायचेही सुचले नाही. तो गेल्यावर मी पायरीवर बसून रडलो. आत चाललेले पठण थांबले, हे मला फार उशिरा कळले.

माझ्यासारखे विद्यार्थी पुण्यात वार लावून जेवतात, म्हणजे रोज एका घरी. गुरुवारी मी बुधवार पेठेतल्या एका काकूंकडे जेवत असे. सुतकात कोणाच्या घरात जायचे नाही, म्हणून आता येणार नाही एवढे सांगायला मी त्यांच्या दाराबाहेर उभा राहिलो. एरवी मला पाहिले की त्या ‘आले आमचे शास्त्रीबुवा, चार रूपं आली की पाट चंदनाचा लागायचा,’ असे काहीतरी ऐकवीत. त्या दिवशी त्यांनी फक्त विचारले, ‘कधी गेले?’

‘ठाऊक नाही.’

‘तिथी कोणती सांगितली?’

‘तिथी... सांगितली नाही.’

काकू उंबऱ्यापर्यंत आल्या. ‘अरे, मग तुझ्या बापाला मारायची एवढी घाई कोणाला झाली? मरणाची बातमी कधी तिथीवाचून येते का? मुलाने श्राद्ध कधी करायचं मग, मनात येईल तेव्हा? काय झालं होतं ते ठाऊक नाही, जवळ कोण होतं ते ठाऊक नाही. मला तर हे कावळ्याचं दिसतंय.’

कावळ्याचे म्हणजे काय ते मलाही ठाऊक होते, फक्त दुःखात आठवले नव्हते. कावळा डोक्याला शिवला की त्या माणसाचे मरण जवळ आले असे म्हणतात. ते टळावे म्हणून तो मेला अशी खोटी बातमी लांबच्या नातलगाला धाडतात. नातलग खरे रडला, की मरणाला वाटते आपले काम झाले, आणि ते माघारी जाते. पाठोपाठ दुसरा माणूस जाऊन खरे काय ते सांगतो. हा दुसरा माणूस माझ्याकडे आला नव्हता. पण खरोखरच तसे असेल, की धोंडू घाईत तिथी विसरला असेल? विचारणार कोणाला? धोंडू घाट उतरून गेला होता आणि घाट बंद झाला होता. तरी मी घरी जायला निघालो होतो. नदीला पूर होता, नावाडी नाव सोडायला तयार नव्हता. ‘तुझ्या बापासाठी माझ्या पोरांचा बाप घालवू काय?’ असे म्हणून त्याने मला माघारी लावले.

गुरुजींनी सगळे ऐकून घेतले. ‘ऐकलंस, रडलास, तेव्हा दिवस पाळ,’ ते म्हणाले. ‘पण मुंडण आणि क्रिया थांबव. जिवंत बापाच्या नावाने पिंड पडला तर तो उचलता येत नाही.’ पेच इथेच होता. आप्पा गेले असतील तर माझ्या पाण्यावाचून ते तहानेले राहणार. आणि असतील तर मुलगा त्यांच्या नावाने तीळ सोडून त्यांना मेलेल्यांत घालणार. क्रिया केली तर एक पाप, न केली तर दुसरे, आणि खरे कोणते ते मला कळत नव्हते. त्या दिवसांत मी माझे शिजवून खाल्ले. भात करपला. आचाऱ्याचा मुलगा करपलेला भात खात बसला होता, आणि ‘जेवतोस ना’ हा प्रश्न घासागणिक आठवत होता. सोबतच्या एकाने थट्टा केली, ‘काय रे, आज वडील कोणत्या लोकी?’ त्याच्या मनात वाईट नव्हते, पण त्यानंतर मी कोणाशी बोलेनासा झालो. देवापुढे बसलो तरी शब्द येईना. मागणे काय मागायचे, हेच जिथे ठाऊक नाही तिथे हात जोडून करायचे काय?

असाच एका सकाळी नदीवर उभा होतो. हातात तिळाची पुरचुंडी होती; ती सोडवत नव्हती आणि टाकवतही नव्हती. पर्वतीच्या पायथ्याच्या वाडीतली एक म्हातारी शेपूच्या जुड्या धुवायला पायऱ्या उतरून आली. जुड्या धुऊन झाल्यावर तिने ओंजळभर पाणी घेतले, डोळे मिटले आणि सावकाश सोडून दिले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘काय रं लेकरा, कुनी गेलं व्हय?’

‘ठाऊक नाही, आजी,’ मी म्हणालो, आणि इतक्या दिवसांत प्रथमच सगळे सांगून टाकले. ती जुड्यांचे पाणी झटकत ऐकत राहिली. शेवटी पायरीवर टेकली.

‘माझा ल्योक पागेत मोतद्दार हुता. घोड्यांसंगं वर मुलखात गेला, त्याला लई सालं झाली. लोक म्हनत्यात, म्हातारे, आता दिवस घाल त्याचं. म्या म्हनते, कुनी बघितला मेल्याला? दुसरं म्हनत्यात, जित्ता हाय, येतोय बघ. त्यास्नीबी म्हनते, कुनी बघितला जित्ता?’

‘मग पाणी कशाचं सोडता?’

‘कशाचं म्हंजी? पान्याचं. तीळ न्हाई, मंतर न्हाई. तान तर दोघास्नीबी लागती, मेल्यालाबी अन् जित्त्यालाबी. देवाला म्हनायचं, कुटं न्यायचं त्ये तुला ठावं. म्या कशी वाट सांगू त्याला?’ एवढे बोलून तिने जुड्या डोक्यावर घेतल्या. जाता जाता मागे वळून म्हणाली, ‘अन् जेव जरा. हाडं दिसाय लागल्यात.’

मी पुरचुंडी कमरेला खोचली आणि नुसते पाणी सोडले. शब्द एवढेच आले, ‘देवा, आप्पा जिथे असतील तिथे.’ गुरुजींना सांगितले तेव्हा त्यांनी हातातली पोथी मिटली. मग म्हणाले, ‘याला विधान नाही.’ आणि थोड्या वेळाने, ‘निषेधही नाही.’

त्यानंतर रोज सकाळी मी तसेच करत राहिलो. दुःख कमी झाले असे म्हणणार नाही. आषाढ गेला, श्रावण गेला, नदीचे पाणी गढूळच वाहत होते आणि माझे मनही. फक्त पाणी सोडताना आप्पांचे एक बोलणे पुन्हा पुन्हा आठवू लागले. लहानपणी मी त्यांच्याबरोबर देवळात जात असे. ते नैवेद्याचे पान मांडीत, पाणी फिरवीत, पडदा ओढीत आणि बाहेर येऊन उभे राहत. एकदा मी पडद्याच्या फटीतून बघायला गेलो तर त्यांनी मला हाताने मागे ओढले. ‘आपण वाढायचं आणि बाहेर थांबायचं. देव जेवला की नाही, हे वाकून बघायचं नसतं.’

दसरा झाला. घाट मोकळा झाला. एका दुपारी धोंडू पाठशाळेच्या पायरीखाली उभा दिसला, आणि त्याच्या काखेत आमसुलांचे गाठोडे होते. गाठोडे पाहून माझ्या जीवात एकदम जीव आला. आईने आमसुले धाडली, म्हणजे घरी सगळे ठीक आहे, म्हणजे काकूंचे खरे. मी धावतच खाली गेलो. पण धोंडू गाठोडे देईना. ते मांडीवर घेऊन पायरीवर बसला.

काकूंचे खरेच होते. आप्पांना विहिरीपाशी कावळा शिवला होता. चुलत्याने आणि आईने त्यांना न सांगता मला ती बातमी धाडली. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस निघायचा होता, पण पावसाने त्याला गावाबाहेर पडू दिले नाही. हे आप्पांना कळले तेव्हा ते आईवर कधी नव्हे इतके संतापले. ‘माझं मरण पोराच्या गळ्यात कशाला बांधलंत? तो तिथे जेवत नसेल,’ म्हणाले, आणि इरले डोक्यावर घेऊन स्वतःच निघाले. मंद डोळ्यांनी, काठी चाचपत. घाटाच्या पायथ्याच्या देवळापर्यंत ते पोचले. वर वाट खचली होती. गुरवाने परत जा म्हणून पुष्कळ सांगितले, पण ते म्हणाले, ‘उद्या उघाडी पडेल.’ उद्या उघाडी पडेल, असे म्हणत ते त्या देवळाच्या ओवरीत राहिले आणि तिथेच तापाने पडले, ते पुन्हा उठले नाहीत.

‘गुरव सांगत हुता,’ धोंडू खाली बघून म्हणाला, ‘अंग भाजत हुतं, पन सकाळी पानी द्यायला गेलं की नको म्हणायचे. म्हणायचे, आत्ताच प्यालो. मुलानं दिलं.’

यावर मी काही म्हणत नाही. तापात माणूस काहीही बोलतो, हे मलाही कळते. मी पडद्याबाहेरचा माणूस; आत वाकून पाहायचा मला अधिकार नाही. आप्पा जिवंत होते त्या साऱ्या दिवसांत माझ्या पाण्यात तिळाचा एक दाणाही पडला नाही, आणि ते गेल्यावर एकही सकाळ त्यांना कोरडी गेली नाही. हे माझ्या बुद्धीने साधले नसते. बुद्धीने मी फक्त पुरचुंडी धरून उभा होतो. ज्याने त्या म्हातारीला त्या सकाळी त्या पायरीवर आणले, त्याला माझा नमस्कार. पुढे मी तिला हे सगळे सांगितले तेव्हा ती शेपूच्या जुड्या बांधता बांधता म्हणाली, ‘तुजं पोचलं म्हंजी माजंबी पोचत असंल.’ तिला अजून बातमी नाही. ती अजून नदीवर येते. आपल्या माणसापर्यंत आपले काही पोचते की नाही, हे ठरवायचा हट्ट सोडला की वाढायचे तेवढे हातात उरते, आणि तेवढे पुष्कळ असते, असे मी तिच्याकडून आणि आप्पांकडून शिकलो. पण मला जे मिळाले ते तिला मिळाले नाही, म्हणून ते शेवटी लिहितो.

त्या दुपारी एवढे सांगून धोंडूने गाठोडे माझ्या हातात दिले आणि तो उठला. दोन पावले गेला, आणि घाबरल्यासारखा परत फिरला.

‘मुख्य ऱ्हायलंच की. तुमच्या आवशीनं वेशीपर्यंत येऊन तीनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. म्हणाली, पोराला या खेपेला तिथी सांगायची विसरू नको.’ त्याने डोळे मिटले आणि पाठ म्हणावे तसे म्हटले, ‘श्रावण वद्य षष्ठी.’