बाटलीच्या गळ्यातला धागा

अजून आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. खरंतर माझं काम बरोबर ठरलं होतं, म्हणजे मी खूश असायला हवं होतं.

मी जालन्याच्या एका कॉलेजात पीएच.डी. करते. विषय सांगितला की लोक आधी हसतात. डोळ्याला न दिसणाऱ्या, उजेडावर चालणाऱ्या मोटारी. टायटॅनियम ऑक्साइडचा बारीक गोल कण घ्यायचा, त्याच्या अर्ध्या अंगाला धातूचा पातळ मुलामा द्यायचा, पाण्यात सोडायचा आणि वरून अतिनील दिवा लावायचा. कण चालायला लागतो. दिवा बंद केला की थांबतो, जागच्या जागी नुसती थरथर उरते. मुलामा कोणत्या धातूचा दिला म्हणजे कण कसा चालतो, एवढाच माझा प्रश्न. मुलामा बाहेरून करून आणावा लागतो. माझ्याकडे तीन बाटल्या होत्या: प्लॅटिनम, सोनं आणि तांबं. तिन्हींतलं पाणी सारखंच गढूळ, नुसतं बघून काही कळायचं नाही.

म्हणून मी बाटल्यांच्या गळ्यात धागे बांधले होते. प्लॅटिनमला लाल, सोन्याला पिवळा, तांब्याला हिरवा. चिठ्ठी चिकटवली तर धुताना सुटते, पेनानं लिहिलेलं स्पिरिटनं पुसलं जातं. धागा हलत नाही. ही अक्कल मला कुठल्या पुस्तकानं दिली नाही. माझ्या गावी, वाटूरला, आमच्याकडे कपाशीचा सीड प्लॉट असतो. तिथे बाया हातानं एकेका फुलावर दुसऱ्या झाडाचे पराग लावतात आणि लगेच त्या फुलाच्या देठाला धागा बांधतात. पुढे वेचणीला फक्त धागेवालं बोंड बियाण्यात जातं. आई ते काम तीस वर्षं करतेय, मीही शाळेच्या सुट्ट्या त्यातच काढल्या. वहीतसुद्धा मी रोजच्या नोंदीशेजारी त्या त्या रंगाच्या धाग्याचा तुकडा चिकटवायची आणि कण कसे चालले त्याच्या वाटा काढून ठेवायची.

वर्षातून एकदा काम तपासायला समिती येते. तिनं नापसंत केलं तर नोंदणी रद्द, म्हणजे माझी दोन वर्षं मातीत. समिती सोमवारी येणार होती आणि मी शनिवार-रविवार गावी गेले होते. परत येऊन बघते तर बाटल्यांवर छापील, चकचकीत स्टिकर. धागे गायब. सर, म्हणजे माझे मार्गदर्शक आणि विभागप्रमुख, घाईत होते. विचारायला सवड मिळायच्या आतच समिती दारात उभी.

समितीतल्या बाहेरून आलेल्या मॅडम सूक्ष्मदर्शकाला बसल्या. मी ‘प्लॅटिनम’ लिहिलेल्या बाटलीतला थेंब ठेवला आणि दिवा लावला. कण रेंगाळत निघाले.

"तुमच्या अहवालात तर प्लॅटिनम सगळ्यांत वेगवान आहे," मॅडम म्हणाल्या.

सरांनी एक क्षण दवडला नाही. "मी हिला कितीदा सांगितलं, नमुने नीट हाताळ. खेड्यातून येतात, हाताला शिस्त नसते."

अहो, शिस्त! उन्हात उभं राहून दिवसाला शेकडो देठांना न चुकता गाठी मारलेले हात आहेत हे. माझे कान गरम झाले. तरी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "सर, धागे कुणी काढले?"

"मी काढले. ते गंडेदोरे समितीपुढे ठेवायचे होते का?"

"मग कोणता स्टिकर कुठे, हे कशावरून ठरवलं?"

सर स्टिकर न्याहाळायला लागले. मी वही उघडून मॅडमपुढे ठेवली आणि म्हटलं, "बाटल्यांवरची नावं झाका आणि तुम्हीच थेंब द्या. मी चाल बघून धातू सांगते."

मॅडमनी खरंच माझ्याकडे पाठ करून थेंब ठेवले. पहिला रेंगाळत, पण न थकता चालला. सोनं. दुसरा झपाट्यानं निघाला आणि थोड्या वेळानं मंदावला, कारण तांबं पाण्यात गंजत जातं. तिसरा सुटला तो सरळ रेषेत, थांबायचं नाव नाही. प्लॅटिनम. मॅडमनी प्रत्येक चाल वहीतल्या वाटांशी ताडून पाहिली. मग बाटल्या वळवल्या. तिन्ही स्टिकर चुकीच्या बाटल्यांवर होते.

काम मंजूर झालं. पण चार दिवसांनी समितीचा अहवाल हातात आला आणि शेवटच्या ओळीत सरांच्या शिफारशीवरून लिहिलेलं होतं: ‘विद्यार्थिनीने नमुन्यांच्या हाताळणीत सुधारणा करावी.’ खाली माझ्या सहीसाठी जागा.

सही न करताच मी रविवारी गावी गेले. आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिला सगळं सांगितलं. मोटारी तिला कळल्या की नाही कोण जाणे, पण धाग्याचं बराबर कळलं.

"त्यानं धागा तोडला? सोताच्या हातानं?"

"हो."

"अन् पुन्हा तुलाच बोलून राह्यला?" तिनं सोलणं थांबवलं. "माय, आपल्या प्लाटावर बाईनं धागा तोडला तर दुसऱ्या दिशी तिला बोलवत न्हाईत. बिलकुल न्हाई. मंग ती कुणाची का असंना."

सर अजून विभागप्रमुख आहेत. सोमवारी मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहून अहवालावर सही केली. सहीच्या वर लिहिलं, ‘धागे मी तोडले नाहीत,’ आणि शेजारी लाल धाग्याचा तुकडा चिकटवला. तो काढून टाक, असं ते मला म्हणाले.

मी म्हटलं, "तुम्हीच काढा सर. तुम्हाला जमतं."